डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात पीएचबी, झॅनाथर आणि टाशा यांतले नियम जुळत नाहीत तेव्हा कुठलं पुस्तक धरायचं?

वरचढ कुठलंच नाही. पीएचबी म्हणजे प्लेयर्स हँडबुक, खेळाच्या तीन मूळ पुस्तकांपैकी एक; झॅनाथर आणि टाशा या पुरवण्या. तुमच्या ग्रुपमध्ये एकाकडे पीएचबी, दुसऱ्याकडे झॅनाथर, तिसऱ्याकडे टाशा, आणि ज्याचं पुस्तक नवं त्याचा आवाज मोठा, असं तुम्ही लिहिलंय. पीएचबी २०१४चं, झॅनाथर २०१७चं, टाशा २०२०चं, हे बरोबर. पण उशिरा छापलं म्हणून नियम वरचा होत नाही. झॅनाथरच्या प्रस्तावनेतच लिहिलंय की यातलं काहीही खेळाला आवश्यक नाही, हे चौथं मूळ पुस्तक नव्हे. टाशातही सुरुवातीलाच सांगितलंय की सगळं ऐच्छिक आहे आणि काय घ्यायचं ते प्रत्येक ग्रुपने डीएमच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या, सल्ल्याने ठरवायचं. पण प्रस्तावना वाचतो कोण? आमच्याकडे तर ज्याच्या मालकीचं पुस्तक, त्यानेसुद्धा वाचली नव्हती.

कुडाळजवळ आमचं घर. चतुर्थीला चाकरमानी येतात तसा डोंबिवलीहून चुलतभाऊ येतो. वयाने मोठा म्हणून दादा, आणि पुस्तकं त्याची म्हणून डीएमही तोच. रात्री भजनाची मंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेली की पडवीत आमचा डाव सुरू. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक बल्ब, आणि काकी दर अर्ध्या तासाने विचारणार की झोपणार आहात की नाही. माझा पाचव्या लेव्हलचा विझार्ड, म्हणजे जादूगार. तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे तेवढ्या ताकदीचे स्पेल (मंत्र) टाकायच्या संधी, दोन; त्यातला एक घूल नावाच्या राक्षसांवर फायरबॉल टाकून संपवलेला. समोर नेक्रोमॅन्सर, मुडद्यांची जादू करणारा शत्रू.

आता हे लक्षात घ्या की त्या रात्रीपर्यंत दादा प्रत्येक शत्रूच्या स्पेलचं नाव मोठ्याने सांगत होता. "हा होल्ड पर्सन टाकतोय, काउंटर करणार?" असं. काउंटर म्हणजे काउंटरस्पेल टाकून समोरच्याचा स्पेल हाणून पाडणं. आम्ही त्यावरच सगळे बेत आखायचो. आणि ऐन लढाईत, नेक्रोमॅन्सरची पाळी आल्यावर, म्हणतो, "तो काहीतरी पुटपुटतोय."

"कोणता स्पेल?"

"ओळखायचा असेल तर रिअ‍ॅक्शन जाईल."

रिअॅक्शन म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती, एका राऊंडला, म्हणजे सगळ्यांच्या एकेका पाळीत, एकच. मी विचारलं, "दादा, ह्या खयसून काढलंस?" तर झॅनाथर उघडून परिच्छेदावर बोट ठेवलं. नियम खरा आहे, तिथेच आहे: समोरचा स्पेल टाकत असताना ओळखायचा तर रिअ‍ॅक्शन खर्च करून अर्काना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा), डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ अधिक स्पेलची लेव्हल. आणि काउंटरस्पेलही रिअ‍ॅक्शनच. म्हणजे ओळखाल तर थांबवता येणार नाही आणि थांबवाल तर ओळखता येणार नाही. मी आंधळेपणाने माझा तिसऱ्या लेव्हलचा शेवटचा स्लॉट काउंटरस्पेलवर टाकला. तो निघाला टोल द डेड. कँट्रिप, स्लॉट न लागणारा फुकटचा स्पेल! पुढच्या राऊंडला त्याने फायरबॉल टाकला, आठ डी-सिक्स, म्हणजे सहा बाजूंच्या आठ फाशांइतकी इजा, आमचे क्लेरिक (पुजारी) आणि रोग (चोर) दोघेही आडवे. तिसऱ्या लेव्हलचा फायरबॉल २०१४च्या काउंटरस्पेलने कुठलाही चेक न करता थांबला असता. स्लॉट असता तर.

दादाचं उत्तर ठरलेलं: "स्पेसिफिक बीट्स जनरल. पीएचबीत आहे."

आहे ना. मी कुठे नाही म्हणतो. पण ते कलम एका टेबलावर आधीच लागू असलेल्या दोन नियमांसाठी आहे. सर्वसाधारण नियमाला स्पेलने किंवा फीटने (कॅरेक्टरच्या खास कौशल्याने) अपवाद केला तर अपवाद जिंकतो, एवढंच ते सांगतं. जो नियम टेबलावर अजून आलेलाच नाही, तो स्पेसिफिक असो की आणखी काही, जिंकणार कसा? शिवाय इथे दोन नियमांची टक्करच नव्हती. स्पेल टाकला जात असताना तो कोणता हे कळतं की नाही, यावर २०१४चं पीएचबी गप्प आहे. ती गप्प जागा दादा तोवर एका पद्धतीने भरत होता, आणि आम्हा सगळ्यांना ती मान्य होती. तीच त्या टेबलाची रीत झाली होती. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, पण आज कुठलं आख्यान आणि कोण मरणार हे रंगपटात ठरूनच नट बाहेर येतात. शंकासुर मध्येच "आज मी मरणार नाय" म्हणाला तर चालेल काय?

तर तुमच्या प्रश्नाकडे. पुरवणी पुस्तकातला नियम समोर आला की आधी बघा तो काय करतोय. काही नियम फक्त भर घालतात, नवा सबक्लास (कॅरेक्टरच्या पेशाचा उपप्रकार), नवा स्पेल; तिथे भांडायला काही नाही, डीएम हो म्हणाला की झालं. काही नियम मूळ पुस्तकाने मोकळी सोडलेली जागा भरतात. पडल्यावर किती लागतं ते पीएचबीत आहे, दर दहा फुटांना एक डी-सिक्स, जास्तीत जास्त वीस. पण किती वेगाने पडतो ते नाही. झॅनाथर सांगतं की पडलात की एका झटक्यात पाचशे फूट खाली. हा घ्या किंवा नका घेऊ, पण कोणी डोंगराच्या कड्यावर उभा असताना ठरवू नका. आणि काही नियम सरळ जुनं काढून नवं घालतात. टाशातल्या रेंजरचं (रानातल्या शिकाऱ्याचं) फेवर्ड फो हे कौशल्य पीएचबीतल्या फेवर्ड एनिमीच्या जागी येतं, दोन्ही मिळत नाहीत. आमच्याकडचा रेंजर दोन्ही वापरत होता, बरेच दिवस, आणि दादाला पत्ता नव्हता. विझार्डच्या रिअ‍ॅक्शनवर मात्र बारीक नजर.

एकच गोष्ट दोन पुस्तकांत असेल तर एक पुस्तक निवडा आणि तिथलं पूर्ण घ्या. ब्लेडसिंगर, म्हणजे तलवार चालवणारा विझार्ड, २०१५च्या स्वोर्ड कोस्टच्या पुस्तकात आहे, तिथे तो एल्फ आणि हाफ-एल्फ या जमातींपुरता. टाशात ती अट गेली, आणि एक्स्ट्रा अटॅकमधल्या एका हल्ल्याऐवजी कँट्रिप टाकायची सोय आली. अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असा ब्लेडसिंगर बनवणारे खेळाडू मी पाहिलेत. त्यांना तिथेच थांबवा.

इराटा, म्हणजे छापल्यावर निघालेल्या दुरुस्त्या, विसरू नका, कारण कित्येकदा भांडण दोन पुस्तकांत नसतंच, एकाच पुस्तकाच्या दोन छपायांत असतं. झॅनाथरमधला हीलिंग स्पिरिट हा बरं करणारा स्पेल बघा. मूळ छपाईप्रमाणे लढाई संपल्यावर अख्खी पार्टी आळीपाळीने त्या स्पिरिटमधून चालत गेली तर एका मिनिटात, म्हणजे दहा राऊंडमध्ये, प्रत्येकाला दहा डी-सिक्स हिट पॉइंट (जीव) मिळत. दुसऱ्या लेव्हलच्या एका स्लॉटवर! नंतर इराटाने मर्यादा घातली: एक अधिक तुमचा स्पेलकास्टिंग मॉडिफायर (जादूच्या गुणाचा आकडा), निदान दोनदा, एवढ्याच वेळा तो बरं करतो. तुमच्या मित्राकडची प्रत जुनी असेल तर तो खोटं बोलत नाहीये, त्याच्या पानावर तसंच छापलंय.

जमलं तर पूर्वी अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये, म्हणजे खेळाच्या अधिकृत जाहीर डावांमध्ये, होता तो नियम लावा: प्रत्येक कॅरेक्टरला पीएचबी आणि वर एकच पुस्तक. निम्मे वाद कॅरेक्टर शीट लिहितानाच मिटतात. बाकीचे डीएमने सत्राच्या आधी सांगायचे, लढाईत नाही. लढाईत शंका आलीच तर खेळाडूच्या बाजूने निकाल द्या आणि पुढच्या सत्राला नीट ठरवा. यावर दादा म्हणेल की मग खेळाडू मुद्दाम शंका काढतील. काढू देत.

हे सगळं २०१४च्या नियमांबद्दल. तुम्ही २०२४चं पीएचबी वापरत असाल तर ज्या स्पेलचं नवं रूप त्यात आलंय तिथे नवं घ्या, जुन्या पुरवण्यांतलं बाकीचं चालतं. काउंटरस्पेल तर पूर्ण बदललाय: समोरच्याने कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मारायचा, म्हणजे चिवटपणाचा फासा टाकायचा, आणि तो हरला तर त्याचा स्पेल वाया जातो पण स्लॉट जात नाही. आणि हो, ओळखण्याचा झॅनाथरचा नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पहिल्या सत्रापासून असेल तर मजा येते, एकाने रिअ‍ॅक्शन देऊन ओळखायचं आणि ओरडून सांगायचं, दुसऱ्याने काउंटर करायचं. ओरडणं चालतं की नाही हे पुस्तकात नाही. माझ्या मते चालतं.

एकच घ्यायचं असेल तर डीएमने झॅनाथर घ्यावं. सापळे, टूल्सचे उपयोग, मोकळ्या वेळातले उद्योग, सगळं कामाचं आहे. टाशा खेळाडूंची चैन आहे, मागून घेतली तरी चालेल. दादा यंदा २०२४चं पुस्तक घेऊन येतोय आणि आतापासून फोनवर सांगतोय की आता वादच मिटला. मिटलेला नाही. त्यात चालू असलेला स्पेल त्याच्या परिणामावरून ओळखायला स्टडी (निरखून बघायची) अ‍ॅक्शन आणि डीसी १५ दिलंय. टाकला जात असताना ओळखायचं काय, यावर ते पुस्तकही गप्पच आहे. त्याला मी तो परिच्छेद पाठवलाय. अजून उत्तर नाही.