एआय एजंटसाठी घेतलेल्या लुकअप टूलचं डॉक्युमेंटेशन चांगलं आहे, हे कशावरून ठरवायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पुरवठादारांच्या बिलांवरचे बँक तपशील तपासायला तुम्ही एजंट, म्हणजे स्वतः टूल्स वापरून काम करणारा एआय प्रोग्राम, बसवताय. आयएफएससी कोडवरून शाखा शोधून देणारी दोन टूल्स समोर आहेत, दोघांचंही डॉक्युमेंटेशन दिसायला छान आहे, आणि निवड होत नाहीये.

आधी उत्तर न मिळाल्यावर काय होतं, तो भाग वाचा. कोड बरोबर असताना काय मिळतं हे सगळेच नीट लिहितात. कोड चुकीचा, जुना किंवा अर्धवट असला तर टूल नेमकं काय परत करतं, हे ज्यांनी स्पष्ट लिहिलंय त्यांचं टूल घ्या. बाकी सगळं मी त्यानंतर बघतो.

कारण साधं आहे. डेव्हलपर अडला की शेजारच्याला विचारतो, जुन्या तक्रारींच्या नोंदी चाळतो. एजंटच्या पुढ्यात मात्र टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा आराखडा) एवढंच असतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या एमसीपीमध्येही (टूल्स एआयला जोडायची एक ठरावीक पद्धत) टूलची ओळख मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, अशीच करून दिली जाते. वेबसाइटवरची सुबक पानं त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. म्हणून पानं बाजूला ठेवा आणि मॉडेलला दिसणारा मजकूर मागवून घ्या. ‘बँकेची माहिती देते’ एवढंच वर्णन असेल तर एजंट त्यात खातं क्रमांकही टाकून बघेल, बँकेचं नावही टाकेल. आणि हाती काही लागलं नाही तर पोकळी स्वतःच्या अंदाजाने भरेल, तीही अगदी ठाम भाषेत. पैशाच्या कामात हे परवडत नाही.

आता आयएफएससीचंच बघा. कोड ११ अक्षरांचा. पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचव्या जागी कायम शून्य, शेवटची ६ शाखेची. बिलावर या शून्याच्या जागी सर्रास इंग्रजी ‘ओ’ टाइप झालेला असतो. टूल तो स्वतः दुरुस्त करतं का? करत असेल तर उत्तरात तसं सांगतं, की गुपचूप बदलून पुढे जातं? की नुसतीच रिकामी यादी देतं? तिन्ही वागणुकी चालू शकतात, पण कोणती ते लिहिलेलं हवं. नाहीतर नुसत्या रिकाम्या यादीवरून ‘अशी शाखाच नाही’ आणि ‘कोडची रचना चुकलीय’ यातला फरक एजंटला कळणार नाही.

जुने कोड ही त्याहून मोठी डोकेदुखी. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड ३० जून २०२१ नंतर चालेनासे झाले. तुमच्या पुरवठादारांच्या छापील लेटरहेडवर ते अजूनही असू शकतात. असा कोड दिला तर टूल जुनी शाखा दाखवतं, नवा कोड सुचवतं की ‘सापडला नाही’ म्हणतं? डेटा कुठून घेतला आणि शेवटचा कधी ताजा केला, हेही बघा. ती तारीख प्रत्येक उत्तरासोबत येत असेल तर उत्तमच, कारण मग एजंट ती माणसाला दाखवू शकतो.

शहरावरून शोधायची सोय असेल तर नावांबद्दल काय लिहिलंय ते तपासा. छत्रपती संभाजीनगर टाकल्यावर औरंगाबाद नावाने नोंदलेल्या शाखा मिळतात का? आणि औरंगाबाद टाकल्यावर बिहारमधलं औरंगाबाद मध्ये येतं का? राज्य देणं सक्तीचं आहे की ऐच्छिक, हे स्कीमात असायलाच हवं. तसंच, एका वेळी किती नोंदी मिळतात आणि यादी कापली गेली तर ते कळतं का, हेही. टूलने पहिल्या १० शाखा देऊन गप्प बसायचं आणि एजंटने ‘पुण्यात या बँकेच्या १० शाखा आहेत’ असं लिहून मोकळं व्हायचं, हा प्रकार लॉग (एजंटने काय काय केलं याची नोंद) बारकाईने वाचल्याशिवाय सापडत नाही.

हे सगळं वाचून झालं की एक चाचणी जरूर घ्या. मॉडेलला फक्त टूलचं वर्णन आणि स्कीमा द्या, आणि तुमच्या खऱ्या बिलांवरचे वेडेवाकडे कोड द्या: मध्ये स्पेस असलेला, ‘ओ’ असलेला, सिंडिकेटचा, १० अक्षरांचा. ते टूलला काय पाठवतं आणि आलेल्या उत्तराचा काय अर्थ लावतं ते वाचा. जिथे ते अडखळेल, तिथे बहुतेकदा वर्णनात एखादं वाक्य कमी असतं. विकणाऱ्याला ते वाक्य घालायला सांगा. किती लवकर घालतात यावरूनही बरंच कळतं.

तुमच्या कामात आणखी एक गोष्ट मी अडून मागेन. कोड खरा निघाला म्हणजे शाखा आहे एवढंच सिद्ध होतं. खातं त्याच पुरवठादाराचं आहे हे त्यातून कळत नाही. ही मर्यादा टूलच्या वर्णनातच, एजंटला दिसेल अशी लिहिलेली हवी. दोघांपैकी कोणी ती आधीच लिहिली असेल, तर मी डोळे झाकून त्यांच्याशी पुढची बोलणी सुरू करेन.