जुन्या मेमरी कार्डातले सेव्ह पीसीवर कसे घ्यायचे?

प्रश्न: पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात माझे शाळेतले सेव्ह (गेममध्ये साठवलेली प्रगती) आहेत, ते पीसीवर घ्यायचेत. एक जण जुना डेक्सड्राइव्ह विकतोय, घेऊ का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नका घेऊ. इंटरॲक्ट कंपनीचं ते यंत्र त्या काळी भारीच होतं, कार्ड खोचलं की अख्खं कार्ड फाइल बनून पीसीवर यायचं, पण त्याला सिरियल पोर्ट (जुन्या पीसीला असायचा तो केबल जोडायचा सॉकेट) लागतो आणि आताच्या लॅपटॉपला तो नसतोच, मग कन्व्हर्टर शोधत बसा, नसती कटकट. त्यापेक्षा मेमकार्डुइनो करा, म्हणजे साध्या आर्डुइनो बोर्डाला (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) कार्डाच्या पिनांच्या वायरी जोडायच्या आणि मेमकार्डरेक्स या फुकटच्या सॉफ्टवेअरने कार्ड वाचायचं. सोल्डरिंग जमत नसेल तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून करून घ्या. आणि आधी फक्त वाचा, कार्डावर काही लिहू नका प्लीज! कार्ड 128 केबीचं, सेव्ह ठेवायला त्यात 15 ब्लॉक म्हणजे कप्पे, त्यामुळे साधी एमसीआर फाइल (अख्ख्या कार्डाची नक्कल) बरोब्बर 1,31,072 बाइट्सची यायला हवी, कमी भरली तर परत वाचा. डेक्सड्राइव्हची जीएमई फाइल 3,904 बाइट्सने मोठी असते, ती बिघडलेली नसते, सुरुवातीला हेडर (फाइलबद्दलच्या माहितीचा भाग) असतो एवढंच. मेमकार्डरेक्समध्ये तीही उघडते.