सीएलएलच्या स्लाइडवरच्या फुटलेल्या पेशी: मोजायच्या की सोडायच्या?

प्रश्न असा आहे: सीएलएलचा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर) माहीत असलेला पेशंट, उपचार चालू, टीएलसी (पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, प्रति मायक्रोलिटर) २०,०००. स्लाइडवर जवळपास निम्म्या पेशी फुटलेल्या, म्हणजे स्मज सेल. त्या डिफरन्शियलमध्ये (पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीत) धरायच्या का, आणि नमुना परत मागवायचा का?

धरायच्या, आणि लिम्फोसाइट म्हणूनच धरायच्या. नमुना ताजा असेल तर परत मागवून उपयोग नाही, नव्या स्लाइडवरही तेच दिसेल. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत रक्त चार तासांहून जास्त पडून असेल तर मात्र नवं मागवा, कारण शिळ्या रक्तात कोणाच्याही पेशी फुटतात.

सोडून दिल्या तर काय होतं ते याच २०,००० च्या आकड्यावर बघा. समजा, अखंड अशा १०० पेशी मोजल्या, त्यात ९२ लिम्फोसाइट आणि ८ न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी). म्हणजे न्यूट्रोफिल ८ टक्के, २०,००० च्या हिशेबाने १,६००. आता त्याच भागात दिसलेल्या १०० स्मज सेल धरा. एकूण २००, न्यूट्रोफिल तेच ८, म्हणजे ४ टक्के, म्हणजे ८००. ॲनालायझरने टीएलसी मोजली तेव्हा या पेशी शाबूत होत्या, फुटल्या त्या स्लाइड ओढताना. म्हणून खरा आकडा ८००. उपचार चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत १,६०० आणि ८०० यांवर डॉक्टरांचे निर्णय बदलतात. डिफरन्शियल परत मोजायला पाठवलं जातं ते याचसाठी, त्यात कुणाचा हट्ट नसतो.

या पेशी इतक्या नाजूक का? पेशीच्या आत व्हिमेंटिन नावाच्या प्रथिनाचा सांगाडा असतो. सीएलएलच्या ज्या लिम्फोसाइटमध्ये ते कमी असतं त्या जास्त फुटतात. मांडवाचे बांबू कमी पडले की वाऱ्याने तो बसतो, तसंच. जर्मन डॉक्टर गुम्प्रेख्ट यांनी १८९६ मध्ये या पेशींचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘गुम्प्रेख्टच्या सावल्या’ असा उल्लेख सापडतो.

शंका असेल, किंवा मोजणं अवघड होत असेल, तर रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन मिसळून स्लाइड करा. ब्लड बँकेत २२ टक्के बोव्हाइन (गाईच्या रक्तातल्या) अल्ब्युमिनची बाटली असते. वेगळ्या छोट्या नळीत रक्ताचे ५ थेंब घ्या, त्यात अल्ब्युमिनचा १ थेंब घाला, नळी हलकेच कलती करून मिसळा, हलवून फेस आणू नका. मग नेहमीसारखी स्लाइड ओढून लिश्मन स्टेन (रंग) करा. बहुतेक लिम्फोसाइट शाबूत दिसतील. पार्श्वभूमी थोडी निळसर येते, ते प्रथिनामुळे. स्टेन बिघडला असं समजू नका. अल्ब्युमिन मूळ नळीत कधीही घालू नका, त्या रक्तावर अजून दुसऱ्या तपासण्या व्हायच्या असतात.

साधी स्लाइड फेकू नका, हे मी आग्रहाने सांगेन. अल्ब्युमिनमुळे लाल पेशींचा आकार बदलतो, आणि सीएलएलच्या साधारण ५ ते १० टक्के पेशंटमध्ये शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडायला लागतं. त्या वेळचे स्फेरोसाइट (गोल झालेल्या लाल पेशी) साध्या स्लाइडवरच बघायचे, आणि दिसले तर डायरेक्ट कूम्ब्ज (लाल पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) सुचवायची. दुसरं कारण: मेयो क्लिनिकच्या २००९ च्या अभ्यासात ज्यांच्या स्लाइडवर ३० टक्क्यांहून जास्त स्मज सेल होत्या ते पेशंट सरासरीने जास्त जगले. हे प्रमाण अखंड लिम्फोसाइट आणि स्मज सेल यांच्या बेरजेवर काढतात, आणि तेही अल्ब्युमिन न घातलेल्या स्लाइडवर. रिपोर्टमध्ये ‘स्मज सेल ++’ वाचून घाबरणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगावं.

‘स्मज सेल म्हणजे लिम्फोसाइट’ हा नियम सीएलएल ठरलेला असेल तेव्हाच. फुटलेल्या पेशीभोवती न्यूट्रोफिलचे कण दिसत असतील तर ती लिम्फोसाइटमध्ये धरू नका. ब्लास्ट (अपरिपक्व पेशी) दिसत असतील तर आधी अल्ब्युमिन स्लाइड करा आणि पॅथॉलॉजिस्टना दाखवा. विषाणूसंसर्गातही स्मज सेल दिसतात, त्यामुळे नुसत्या त्यांच्यावरून सीएलएलचं निदान होत नाही. त्यासाठी रक्तात एकाच क्लोनच्या (एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या) बी लिम्फोसाइट प्रति मायक्रोलिटर किमान ५,००० आणि तीन महिने टिकून हव्यात, आणि फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या तपासणीत) सीडी१९, सीडी५ आणि सीडी२३ या खुणांचा मेळ बसायला हवा.

याच नाजूकपणाचा फटका बायोकेमिस्ट्रीलाही बसतो. टीएलसी लाखाच्या पुढे गेली की नळी न्यूमॅटिक ट्यूबमधून (हवेच्या दाबाने नमुने पोहोचवणाऱ्या पाइपमधून) पाठवताना किंवा रक्त गोठताना पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट ७ दाखवतो. पेशंटला त्रास नाही, ईसीजी नॉर्मल, किडनी ठीक, तरी पोटॅशियम उतरवायची औषधं दिली तर ते खरोखरच धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. अशा वेळी वॉर्डला फोन करा, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सिरिंजमध्ये नवं रक्त घ्यायला सांगा, ते हाताने आणवा आणि सेंट्रिफ्यूज न करता लगेच ब्लड गॅस मशीनवर लावा.