गाणं कुणाचं, पैज कुणाची? – वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या महिन्यात नाट्यगीतांचा विषय काढला तो काढला, आता आलेल्या पत्रांतली निम्मी भांडणाची आहेत. माझ्याशी नाही हो, आपापसातली. कुणाची मिसळीची पैज लागलीय, कुणी बायकोशी दोन दिवस बोलत नाहीये, आणि सगळ्यांना मी पंच म्हणून हवाय. बरं, बसलो बाबा पंच म्हणून.

प्रश्न (नाशिक): काका नमस्कार. आम्ही सहा रिटायर्ड मित्र रोज सकाळी गोदेकाठी फिरायला जातो, फिरणं नावापुरतं, टपरीवरच जास्त वेळ जातो. परवा एकजण 'जोहार मायबाप' गुणगुणत होता तर मी म्हटलं वा काय नाट्यगीत आहे, त्यावर दुसरा म्हणतो अरे गाढवा तो अभंग आहे अभंग. शब्दाला शब्द वाढला. सगळ्यांच्या मिसळीचे पैसे हरणाऱ्याने द्यायचेत. तुम्हीच सांगा.

काका: दोघांनी मिळून द्या, कारण दोघंही बरोबर आहात आणि दोघांनीही अर्धंच सांगितलंत. शब्द चोखोबांचे. 'तुमच्या महाराचा मी महार' असं विठ्ठलाला सांगणारा, जोहार घालून दारात उभा राहिलेला अभंग आहे तो, त्यात वाद नाही. पण तुम्ही आम्ही जी चाल गुणगुणतो ती वारीतून आलेली नाही, ती आली रंगभूमीवरून. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने 'कान्होपात्रा' नाटक आणलं, चाली मास्टर कृष्णरावांच्या, गायले बालगंधर्व. त्याच नाटकातलं 'अगा वैकुंठीच्या राया' हे कान्होपात्रेचं, तेही असंच घराघरात गेलं आणि मग लोक विसरलेच की मधे एक नाटक होतं.

आता तुमच्या त्या अभंगवाल्या मित्राला उद्या सकाळी एवढंच विचारा की 'इंद्रायणी काठी, देवाची आळंदी' हा कुठल्या संताचा अभंग. तो ज्ञानेश्वर म्हणेल, नाहीतर नामदेव म्हणेल, फारच सावध असला तर 'बहुतेक तुकाराम' म्हणेल. ते आहे गदिमांचं गाणं, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज भीमसेन जोशींचा, आणि सिनेमा 'गुळाचा गणपती', साल १९५३. कीर्तनात म्हणतात, भजनी मंडळात म्हणतात, मी स्वतः एका दिंडीत ऐकलंय. खरा अभंग लोकांना नाट्यगीत वाटतो आणि सिनेमातलं गाणं अभंग वाटतं, घ्या! मिसळ त्याच्याकडून वसूल होईल.

प्रश्न (पुणे): काका मी २४ वर्षांची आहे, 'कट्यार' सिनेमा शाळेत असताना बघितला आणि वेडी झाले. पण आमचे बाबा सारखे 'ओरिजिनल वेगळं होतं' असं म्हणतात. खरंच एवढा फरक आहे का की हे नेहमीचं 'आमच्या वेळी' प्रकरण आहे?

काका: बाबांचं थोडं 'आमच्या वेळी' आहे आणि थोडं खरं आहे. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ चं, लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी, खाँसाहेब झाले होते डॉ. वसंतराव देशपांडे. सिनेमा २०१५ चा, त्यात पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर आणि गळा राहुल देशपांडेंचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा, त्यामुळे तो धागा तुटलेला नाहीये. जुन्या चाली बऱ्याच ठेवल्यात आणि शंकर-एहसान-लॉय यांनी नवीन गाणीही केली. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणि किरणि'साठी, ते सिनेमासाठी केलेलं नवीन गाणं. बाबांना सांगून बघा, त्यांना ते जुन्या नाटकातलं वाटत असण्याची दाट शक्यता आहे.

पण तुला एक गोष्ट सांगतो ती कान देऊन ऐक. 'घेई छंद मकरंद'च्या दोन चाली आहेत. शब्द तेच आणि अभिषेकीबुवांनी दोन वेगळ्या चाली बांधल्या, कारण नाटकाचा जीवच दोन घराण्यांच्या भांडणात आहे. एका गायकीत ते शब्द कसे चालतील आणि दुसऱ्या गायकीत कसे, हे कुणी भाषण करून सांगत नाही, चालच सांगते. दोन्ही एकामागोमाग ऐक. आधी डोळे मिटून ऐक, मग बाबांशी भांड.

प्रश्न (कोल्हापूर): आमचे आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांनी संयुक्त मानापमान प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि त्या रात्रीची रेकॉर्ड त्यांनी पुढे कुणाकडे तरी ऐकली. मी बरंच शोधलं, कुठेच मिळत नाही. असेल का हो कुणाकडे?

काका: पणजोबांनी नाटक पाहिलं असेल, त्यावर मी शंका घेणार नाही, घराण्यात अशी एक तरी गोष्ट पाहिजेच. पण त्या रात्रीची रेकॉर्ड शोधू नका, ती नाही. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. एरवी चुरशीने चालणाऱ्या दोन कंपन्या, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान' नाटक मिळून करायला एका रंगमंचावर आल्या. नायिका भामिनी झाले बालगंधर्व, नायक धैर्यधर झाले तुमच्या कोल्हापूरचे केशवराव भोसले. लोकांनी तिकिटाला शंभर शंभर रुपये मोजले, १९२१ चे शंभर! आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय जेमतेम ३१.

रेकॉर्ड का नाही त्याचं कारण साधं आहे. तेव्हा माइक लावून रेकॉर्डिंग होतच नव्हतं, वीज वापरून रेकॉर्ड करणं सुरू झालं १९२५ नंतर. त्याआधी गायकाला एका खोलीत नेऊन भोंग्यापुढे उभं करायचे, जवळजवळ तोंड त्यात घालून गायचं, आवाजाच्या जोरावर पलीकडे सुई थरथरणार आणि मेणावर खाच पडणार. भरलेल्या थिएटरात, टाळ्यांच्या गदारोळात हे कसं जमायचं? तेव्हा आजोबांच्या वडिलांनी जी ऐकली ती स्टुडिओत वेगळी गायलेली एखादी रेकॉर्ड असणार आणि मनात मग ती त्या रात्रीला जाऊन चिकटली. माझ्याही बाबतीत असं होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण यातूनच मला जे म्हणायचंय ते येतं. आपण म्हणतो 'जुनी नाट्यगीतं', पण आपण ती नाटकात ऐकलेलीच नाहीत, आपण ऐकल्या त्या रेकॉर्डी, आणि त्याही रेडिओवर! ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, तबकडीच्या एका बाजूला तीन सव्वातीन मिनिटं मावतात. रंगमंचावर तेच पद पंधरा वीस मिनिटं चालायचं, ऑर्गन वाजतोय, सारंगी आहे, तबल्यावर थिरकवाँसाहेब (हो तेच अहमदजान, गंधर्व कंपनीत होते), आणि लोक 'वन्स मोअर' म्हणून ओरडतायत की झालं, पुन्हा पहिल्यापासून, आणि बालगंधर्व दुसऱ्यांदा तेच पद वेगळ्या जागा घेऊन गाणार. नाटकं पहाटेपर्यंत चालायची ती उगाच नाही, किर्लोस्करांच्या काळच्या नाटकात तर शंभरावर पदं असायची. त्यातलं तीन मिनिटांचं जे काही तबकडीवर बसलं, तेवढं आपल्या हाती आलं. त्यामुळे कुणी 'मूळ चाल अशीच आहे' म्हणून टेबलावर हात आपटला की मला हसू येतं. मूळ कुठलं, रात्री नऊचं की वन्स मोअरनंतरचं?

आणि हो, केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली ती नेमकी त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ती बातमी वाचून मला दोन घास गेले नव्हते. तुम्ही तर तिथलेच.

प्रश्न (डोंबिवली): सासऱ्यांच्या माळ्यावर जुन्या काळ्या जड रेकॉर्डचा एक अख्खा खोका सापडला. बुरशी आलीय. पुसायचं कशाने? आणि मुलाने नवा रेकॉर्ड प्लेयर घेतलाय त्यावर लावल्या तर चालतील का?

काका: ताई, थांबा, स्पिरिटची बाटली आधी खाली ठेवा! या तबकड्या लाखेच्या आहेत, स्पिरिटमध्ये लाख विरघळते, गाणं पुसून जाईल अक्षरशः. मऊ ब्रशने धूळ काढा, मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने गोल गोल पुसा, मधला कागद भिजू देऊ नका, लगेच कोरडं करा. एकावर एक थप्पी लावून ठेवू नका, उभ्या ठेवा. पडली की फुटलीच समजा, काचेसारखी.

मुलाच्या प्लेयरवर ७८ चा स्पीड आहे का ते आधी बघा, बऱ्याच नव्यांवर फक्त ३३ आणि ४५ असतो. स्पीड असला तरी सुई बदलावी लागेल, ७८ ची खाच रुंद असते, एलपीची सुई त्यात तळाशी जाऊन लोळते आणि नुसती खरखर ऐकू येते. चावीचा ग्रामोफोन कुठे मिळालाच तर स्टीलची सुई दर बाजूला नवीन, काटकसर करायची नाही. आमच्याकडे ही काटकसर झाली होती, एकेक सुई आठवडाभर, आणि त्या पायी दोन चांगल्या तबकड्या वाया गेल्या. वडिलांची काटकसर, नावं कुणाला ठेवणार. खोक्यात काय काय निघालं ते मात्र कळवा, लेबलवर गायकाचं नाव, गाण्याचे पहिले शब्द आणि नंबर.

प्रश्न (न्यू जर्सी): आमच्या मित्रमंडळात दर रामनवमीला गीतरामायण होतं, सगळं एकाच गायकाच्या आवाजात. आई मात्र म्हणते की तिने लहानपणी रेडिओवर ऐकलं त्यात वेगवेगळे आवाज होते, बायकांचेही. तिचं वय आता ८१ आहे, गोंधळ होत असेल का?

काका: आईचा काहीएक गोंधळ होत नाहीये, तिला माझा नमस्कार सांगा. गीतरामायण आधी कार्यक्रम नव्हताच, ती पुणे आकाशवाणीची मालिका होती. १ एप्रिल १९५५, रामनवमीला सुरू झाली, पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालली, ५६ गीतं. गदिमा लिहिणार, बाबूजी म्हणजे सुधीर फडके चाल लावणार, आणि गाणारे पात्राप्रमाणे वेगळे, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, आणखी बरेच. लोक रेडिओला हार घालून ऐकायचे असं सांगतात. नंतर बाबूजी सगळी गीतं एकट्याने गाऊ लागले, गावोगाव कार्यक्रम झाले, आणि मग तोच आवाज आपल्या डोक्यात पक्का झाला. आई पहिली आवृत्ती सांगतेय, तुम्ही दुसरी. फोनवर तिला विचारून टाका की शेजारी रेडिओ कुणाकडे होता, पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

प्रश्न (नागपूर): 'नाच रे मोरा'ला चाल पु. लं. ची आहे हे खरं का? ग्रुपमध्ये कुणी मानायला तयार नाही.

काका: खरं. 'देवबाप्पा', १९५३, शब्द गदिमांचे, आवाज आशाताईंचा. आणि 'शब्दांवाचून कळले सारे'ची चालही त्यांचीच, शब्द पाडगावकरांचे, गायले अभिषेकी. हे दुसरं आधी विचारा, पैज मोठी लावा.

आणि एक दुरुस्ती. मागच्या अंकात मी 'एकच प्याला'तल्या 'कशि या त्यजू पदाला'चं कौतुक करताना 'गडकऱ्यांची लेखणी' वगैरे लिहून गेलो, आणि सांगलीच्या एका बाईंनी पोस्टकार्डावर, हो पोस्टकार्डावर, चार ओळींत मला सरळ केलं. नाटक राम गणेश गडकऱ्यांचं, पण ते जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर, आणि त्यातली पदं लिहिली त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी. बाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. मी ही चूक कमीत कमी चाळीस वर्षं करतोय, लग्नात, मैफिलीत, ट्रेनमध्ये, आणि आजपर्यंत कुणी अडवलं नाही. माझ्या भरवशावर जे कुणी पैज हरले असतील त्यांनी पत्ता कळवावा, मिसळ माझ्याकडून, पण पुण्यात यावं लागेल.