ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं तर प्रवास विम्याचे पैसे मिळतात का?

क्लेम सोडून देऊ नका. तुम्ही उदगीरहून लिहिलंय की बालीहून परतताना ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झालं, पदरचे पैसे घालून हॉटेलात राहावं लागलं, विमान कंपनीनं फक्त तिकिटाचे पैसे परत केले म्हणून दुसरं तिकीट काढून आलात, आणि विमा कंपनीच्या कॉल सेंटरनं "नैसर्गिक आपत्ती बसत नाही" असं सांगितलं. मी नांदेडला तिकिटांचं आणि प्रवास विम्याचं काम करतो. कॉल सेंटरचं हे वाक्य ऐकून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे मिळण्यासारखे होते.

फोनवरचा नकार हा नकार धरूच नका. क्लेम फॉर्म भरा, कागद जोडा, मेलवर पाठवा. नाकारायचाच असेल तर कंपनीनं कारण लेखी दिलं पाहिजे आणि पॉलिसीतलं कलम दाखवलं पाहिजे. पुढची सगळी लढाई त्या एका कलमावर होते.

विमान कंपनीवर राग असेल तर तो थोडा बाजूला ठेवा. राखेतून विमान नेता येत नाही. १९८२ मध्ये जावावरून जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या जंबो विमानाची चारही इंजिनं राखेनं बंद पडली होती. राख इंजिनात वितळते आणि आत चिकटून बसते. म्हणून आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) नियमांतही अशा वेळी वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. पाच ते दहा हजारांची जी भरपाई लोक ऐकून असतात ती कंपनीच्या चुकीनं विमान रद्द झालं तर. आपत्तीत परतावा किंवा पर्यायी विमान एवढाच हक्क उरतो. हॉटेलचा खर्च निघायची जागा विमा हीच आहे.

युरोपहून परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. २०१० साली आइसलंडच्या राखेनं युरोपातली सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली, त्यावरून खटला झाला, आणि २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की आपत्ती असली तरी प्रवाशाच्या राहण्याजेवणाची सोय कंपनीनंच करायची. युरोपातून सुटणाऱ्या आपल्या विमान कंपन्यांनाही तो नियम लागू आहे. बालीला त्याचा उपयोग नाही, पण मुलाकडं जर्मनीला जाणारे आईवडील हल्ली गावोगावी आहेत, म्हणून लिहिलं.

आता तुमची पॉलिसी काढा. जाहिरातीचं पान नको, ज्यावर तुमचं नाव आणि रकमा आहेत ते शेड्यूल. त्यात ट्रिप डिले (उशीर), ट्रिप कॅन्सलेशन (प्रवास रद्द), ट्रिप इंटरप्शन (प्रवास मध्येच तुटणं), मिस्ड कनेक्शन (पुढचं जोडविमान चुकणं) यांपैकी कुठल्या नावापुढं रक्कम आहे ते बघा. व्हिसासाठी म्हणून घेतलेल्या स्वस्तातल्या पॉलिसीत कधीकधी फक्त दवाखान्याचा खर्च असतो आणि या रकान्यांत काहीच नसतं. तसं असेल तर कंपनी बरोबर आहे, विषय संपला. रक्कम असेल तर त्या कलमाखाली कारणांची यादी असते: खराब हवामान, नैसर्गिक आपत्ती, संप, यंत्रातला बिघाड, अशी. शिवाय किती तासांच्या उशिरानंतर पैसे लागू होतात तेही असतं. कुठं ६ तास, कुठं १२. ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी असेल तर हॉटेलच्या बिलाचीही गरज पडत नाही, उशीर सिद्ध केला की पुरे. खर्च भरून देणारी असेल तर प्रत्येक बिल लागतं.

आणि इथंच सगळ्यात जास्त क्लेम अडकतात: विमानाला उशीर का झाला किंवा ते रद्द का झालं हे लिहून देणाऱ्या विमान कंपनीच्या दाखल्यात. एप्रिल २०२४ मध्ये दुबईत पाऊस झाला, तिथल्या नोंदींतला पंचाहत्तर वर्षांतला सगळ्यात मोठा, धावपट्टीवर पाणी. मुखेडकडचे एक निवृत्त गुरुजी आणि बाई तिथं अडकले होते. परत आल्यावर त्यांनी पिशवीभर कागद माझ्या टेबलावर ठेवले. हॉटेलची बिलं थर्मल कागदावरची, उन्हानं निम्मी पुसलेली, पण गुरुजींनी मोबाईलवर त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवले होते. बोर्डिंग पास होते. दाखलाही होता, फक्त त्यावर कारण लिहिलं होतं "ऑपरेशनल रीझन्स". विमा कंपनीनं तेवढ्यावर क्लेम परत पाठवला, कारण त्यांच्या यादीत हवामान होतं, "ऑपरेशनल" नव्हतं. आम्ही विमान कंपनीला पीएनआर, तारीख, मूळ वेळ आणि "कारण स्पष्ट लिहून द्यावे" एवढाच मेल केला. नवा दाखला "अ‍ॅडव्हर्स वेदर" असा आला आणि क्लेम पास झाला. तुमच्या दाखल्यावर राख किंवा ज्वालामुखी हा शब्द आहे का ते आधी बघा. नसेल तर आजच मागा. महिने उलटले की कंपन्यांकडून उत्तर यायलाही वेळ लागतो.

तुमच्या बाबतीत अडचण येईल ती परताव्यावरून. परतावा घेऊन तुम्ही दुसरं तिकीट काढलंत, म्हणजे विमा कंपनी म्हणू शकते की हा उशीर नाही, तुम्हीच प्रवास रद्द केलात. यावर उत्तर म्हणजे विमान कंपनीचा रद्द झाल्याचा मेसेज आणि पुढच्या काही दिवसांत जागा नव्हती याचा पुरावा: चॅट, मेल, ॲपचा स्क्रीनशॉट, जे असेल ते. क्लेममध्ये ट्रिप डिले आणि ट्रिप इंटरप्शन ही दोन्ही कलमं लिहा, एकच धरून बसू नका. तिकिटाचा परतावा मिळालाय हे मात्र स्वतःहून सांगा. ती रक्कम वजा होणारच आहे, आणि लपवलेलं सापडलं तर उरलेलाही क्लेम जातो.

पॉलिसी कधी घेतली ती तारीखही तपासा. आपत्ती माहीत झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या आपत्तीसाठी चालत नाही. इंडोनेशियातला लेवोटोबी ज्वालामुखी २०२४ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोठ्यानं फुटला, माणसं गेली, बातम्या आल्या. बालीची विमानं रद्द झाली ती १३ तारखेच्या सुमारास. मधल्या दिवसांत पॉलिसी काढलेल्याला कंपनी हेच कलम दाखवणार. तुमची पॉलिसी उद्रेकाच्या आधीची असेल तर तारखेचं पान क्लेमला सगळ्यात वर लावा.

मक्केला उमरा यात्रेला जाणाऱ्यांसाठी इथंच एक गोष्ट सांगतो. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला, राख लाल समुद्र ओलांडून आपल्याकडं आली आणि जेद्दा व आखाताकडची काही विमानं रद्द झाली. गटाबरोबर गेलेल्यांची पॉलिसी टूरवाल्याकडं असते आणि लोकांना तिचा नंबरसुद्धा माहीत नसतो. निघण्याआधी आपल्या नावाचं सर्टिफिकेट मागून घ्यायलाच हवं, परत आल्यावर टूरवाला फोन उचलेलच असं नाही.

मराठवाड्यातल्या माणसाला आणखी एक धोका आहे, जो मुंबईच्या माणसाला नाही. आपलं परदेशाचं विमान मुंबईहून किंवा हैदराबादहून सुटतं आणि तिथवर पोचायलाच रात्र जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्राबाहेर आल्या, पूल पाण्याखाली गेले. अशा रात्री उदगीरहून बिदरमार्गे स्वतःच्या गाडीनं निघालात, रस्ता बंद मिळाला आणि विमान चुकलं, तर विमान वेळेवर सुटलेलं असतं. ट्रिप डिले लागतच नाही. मिस्ड डिपार्चर (वाटेत अडकून विमान चुकणं) नावाचं कलम असेल तर तेही बऱ्याचदा तिकीट काढलेल्या रेल्वेसाठी किंवा बससाठी असतं, घरच्या गाडीसाठी नाही. म्हणून पावसाळ्यात मी लोकांना रेल्वेचं तिकीट काढायला आणि शक्य असेल तर एक दिवस आधी निघायला सांगतो. रेल्वे तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही तर टीडीआर (रेल्वेकडं परतावा मागायचा अर्ज) भरून तिकिटाचे पैसेही परत मिळतात.

लेखी नकार आला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. आपला मराठवाडा पुण्याच्या कार्यालयाकडं येतो. फी नाही, वकील नाही, तक्रार ऑनलाइन होते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते, त्यामुळं उदगीर सोडायचीही गरज नाही. नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. कलमाचे शब्द दोन अर्थांचे असतील तर ते विमाधारकाच्या बाजूनं लावायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत म्हटलेलं आहे. तक्रारीत ही ओळ जरूर लिहा. लोकपालाचा निवाडा कंपनीनं तीस दिवसांत पाळायचा असतो.

शेड्यूलचं पान आणि विमान कंपनीचा दाखला, दोन्हींवरचे पत्ते-नंबर झाकून इथं टाकलेत तर कुठलं कलम लावायचं ते मी सांगेन.