थाळीवरची मालकी

प्रश्न (नाशिक): अंगणात रोज सकाळी पपईच्या फोडी ठेवतो. एक लालबुड्या बुलबुल बाकीच्यांना हुसकावून लावतो. तांबट आणि चष्मेवाले हे पक्षी आता फिरकत नाहीत. शेजारी दुसरी थाळी ठेवली, तर तीही त्यानेच बळकावली.

उत्तर: दुसरी थाळी ठेवलीत हे योग्यच केलंत, चुकलं ते अंतर. एकाच फांदीवरून दोन्ही थाळ्या दिसत असतील तर बुलबुलाच्या लेखी ती एकच थाळी. जेरॅम ब्राउन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने 1964 साली हे नेमकं मांडलं: राखणीत जेवढी शक्ती जाते त्यापेक्षा जास्त पदरात पडत असेल, तरच पक्षी हद्द राखतो. एका जागी, ठरल्या वेळी, ढिगाने येणारी पपई राखणं फार सोपं. तेव्हा ती राखायला अवघड करा.

तेवढीच पपई तीन-चार जागी वाटा, दोन जागांत निदान पाच-सहा मीटर अंतर ठेवा. त्याहून महत्त्वाचा म्हणजे आडोसा. मध्ये घराचा कोपरा, भिंत किंवा दाट जास्वंद हवी, म्हणजे एका ठिकाणी बसून दुसरं दिसणार नाही. बाल्कनीच असेल तर दोन थाळ्यांमध्ये गोणपाट टांगलं तरी फरक पडतो. उंचीही बदला. तांबट झाडातच वावरणारा पक्षी, त्याच्यासाठी सालीसकट मोठी फोड उंच फांदीच्या खुंटाला टोचा. चष्मेवाल्यांसाठी बोराएवढे तुकडे झुडपाच्या आत, पानांच्या आडोशाला ठेवा. एक मोठी फोड राखता येते, विखुरलेले वीस तुकडे नाही.

बुलबुलाला हाकलत बसू नका. तुम्ही उठलात की सगळेच उडतात आणि सर्वांत आधी परततो तो सर्वांत धीट, म्हणजे तोच. त्यापेक्षा त्याच्याकडे नीट पाहा. शेपटी फटकारत, ती पसरून बुडाखालचा लाल डाग दाखवत असेल तर तो धमकावतोय. एवढ्यावर समोरचा सरकला तर मारामारीची वेळ येत नाही. मात्र मार्च ते जुलैच्या सुमारास तो थाळीवर काही नसतानाही धावून जात असेल, तर जवळच्या कुंडीत किंवा वेलीत घरटं आहे का ते लांबूनच बघा. ती राखण घरट्याची असते, पपईची नव्हे. अशा वेळी थाळी दहा मीटर दूर हलवा. पिल्लं उडून जाईपर्यंत साधारण चार आठवडे लागतात. आणि उरलेली फळं दुपारच्या आत उचला, उन्हात ती आंबतात.

प्रश्न (पुणे): हॅमेलियाच्या फुलझुडपावरचा काळा-जांभळा शिंजीर (फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी) दुसऱ्या शिंजिराला टेकू देत नाही. आता दिवसभर खिडकीच्या काचेवर चोच मारतो. आतून पडदा लावूनही थांबत नाही.

उत्तर: काचेत त्याला प्रतिस्पर्धी नर दिसतोय. खरा नर हरला की पळतो, हा मात्र हलत नाही. म्हणून झटापट संपत नाही. आतला पडदा उलट नडतो. काचेमागे अंधार झाला की प्रतिबिंब आणखी ठळक होतं. उपाय बाहेरूनच करायला हवा: काचेवर बाहेरच्या बाजूने जुनी सुती साडी ताणून बांधा, किंवा साबणाचा दाट फेस फासून वाळू द्या. पावसाने धुतला की परत लावा. गाडीच्या आरशांवर कापडी पिशवी चढवा. दोन-तीन आठवडे चिकाटीने करा. विणीचा हंगाम सरला की नराचा जोर आपोआप ओसरतो, त्याची झळाळीही उतरते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो.

फुलांवरची भांडणं मिटवायला साखरपाण्याची बाटली टांगू नका. कधीच न आटणारी बाटली म्हणजे राखायला आणखी एक कायमची जागा. हॅमेलियाचं दुसरं झुडूप घराच्या दुसऱ्या बाजूला लावा.

प्रश्न (ठाणे): चिमण्यांचे दाणे पारवे आणि साळुंक्या फस्त करतात. काय करू?

उत्तर: इथे हद्दीपेक्षा अंगाच्या आकाराचा प्रश्न आहे, आणि तो जाळीने सुटतो. दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर चौकोनाच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करून थाळीवर पालथा बांधा. चिमणी आरामात आत शिरते, पारवा आणि साळुंकी अडतात. जाळीपासून थाळीची कड निदान वीस सेंटिमीटर आत ठेवा, नाहीतर साळुंकी मान घालून दाणे ओढते. तारेची कापलेली टोकं आत वाकवून घासून घ्या, पाय अडकतात. दाण्यात बाजरी, राळा, तांदळाची कणी. फरसाण आणि पाव नको. तासाभरात संपेल एवढंच घाला. जमिनीवर सांडलेलं रोज झाडून काढा, कारण पारवे पिंजऱ्यासाठी नाही, त्या सांडलेल्या दाण्यांसाठी परत येतात.