वाळवलेला लिग्नाइट, म्हणजे कमी प्रतीचा तपकिरी कोळसा, पुन्हा ओला का होतो? पृष्ठभागाच्या रसायनशास्त्राचा यात काही संबंध असतो का, आणि वाळवणीची कोणती पद्धत घ्यावी?

संबंध असतो, आणि चांगलाच असतो. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचे सल्लागार म्हणतात, "छिद्रांचा आकार बघा, बाकी सगळं पुस्तकी." जवळजवळ हेच वाक्य मी तोंडावर ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी तेव्हा कोळसा तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. ड्रायरमधून निघालेल्या लिग्नाइटचा नमुना आमच्याकडे यायचा, आम्ही ओलावा काढून द्यायचो. तोच माल काही दिवस शेडमध्ये राहून बंकरवर, म्हणजे बॉयलरच्या कोळसा-कोठीवर, पोचला की आकडा वर गेलेला असायचा. साहेबांचं म्हणणं ठरलेलं: कोळसा म्हणजे स्पंज, एकदा पिळला की पिळला. पाऊस नाही, छप्पर गळत नाही, मग पाणी आलं कुठून? म्हणजे पहिला आकडाच चुकला. नोंदवहीत लाल शाईने शेरा पडला: 'प्रयोगशाळेचा निष्काळजीपणा'.

पाणी हवेतून येतं, दुसरं कुठून येणार! राख आणि ओलावा वगळून उरलेल्या लिग्नाइटमध्ये साधारण चौथा हिस्सा ऑक्सिजन असतो; अँथ्रासाइटमध्ये, म्हणजे सगळ्यात पक्व कोळशात, तो दोन-तीन टक्क्यांवर येतो. लिग्नाइटमधला हा ऑक्सिजन बराचसा कार्बोक्सिल आणि फिनॉलिक हायड्रॉक्सिल या अणूंच्या छोट्या गटांत असतो आणि हे गट हायड्रोजन बंधाने पाण्याला पकडतात. पहिले रेणू कार्बोक्सिलवर बसतात, पुढचे त्या रेणूंवर, असे पाण्याचे पुंजके वाढत जातात. कार्बोक्सिलमधल्या हायड्रोजनच्या जागी सोडियम, कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम येऊन बसला असेल, तर तो आयन आपल्याभोवती स्वतःचं पाणी गोळा करतो ते वेगळंच. पृष्ठभागाला असं चिकटलेलं पाणी शून्याखाली बरंच थंड केलं तरी गोठत नाही. ओव्हनमध्ये १०५ अंशाला पाणी जातं, पण ते धरणारे गट जागच्या जागी राहतात. दमट हवा लागली की पुन्हा कामाला लागतात.

शेरा वाचून मी भांडायला गेलो नाही, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सहन करणारं बंद भांडं, लावला. एकाच ढिगातला माल घेऊन एक भाग नायट्रोजनमध्ये १०५ अंशाला वाळवला आणि दुसरा पाण्यासकट बंद भांड्यात २८० अंशांच्या आसपास तापवून रात्रभर थंड होऊ दिला. सकाळी भांडं हाताला गार, तरी गेजवर दाब दिसत होता. साहेब म्हणाले, "गेज अडकलाय." वाफ असती तर थंड होऊन तिचं पाणी झालं असतं, मग हा दाब कसला? नळी लावून तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला. निवळी बघता बघता दुधाळ झाली. कार्बन डायऑक्साइड! कार्बोक्सिल गट तुटले की हाच बाहेर पडतो. झाकण काढलं तर वर उग्र वासाचं तपकिरी पाणी आणि तळाशी कोळसा. उकळू न देता, द्रवरूपातच पाणी बाहेर आलेलं.

हा दुसरा भागही वाळवला आणि दोन्ही डब्या काट्यावर ठेवून झाकणं काढली. ओव्हनवाल्या डबीचा शेवटचा आकडा ठरेचना, वर वरच चाललेला. दुसरीचा थोडा हलला आणि थांबला. पुढे दोन्ही डब्या ३० अंशांना पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणावर, म्हणजे साधारण ९७ टक्के आर्द्रतेत, समतोल येईपर्यंत ठेवल्या. तिथेही ओव्हनवालीनेच कितीतरी जास्त पाणी धरलं.

साहेबांचं उत्तर तयार: "छिद्रं बुजली असतील." ठीक आहे. मग त्याच कोळशाचा एक भाग आम्लाने धुतला आणि दुसऱ्याच्या कार्बोक्सिल गटांवर सोडियम चढवला. मध्यम आर्द्रतेत सोडियमवाल्याने जास्त पाणी धरलं. इथे कुठली छिद्रं बुजली, हे विचारायला गेलो तर साहेब मीटिंगला निघाले होते. शेरा आजही त्या वहीत असेल.

आता तुमची पद्धत. ड्रायर विकणारे फक्त बाहेर पडतानाचा ओलावा दाखवतात. तुम्ही समतोल ओलावा, म्हणजे दमट हवेत ठेवून वजन स्थिरावल्यावर कोळशात असलेलं पाणी, मागा, ३० अंशांना आणि ९६-९७ टक्के आर्द्रतेत मोजलेला. तो द्यायला कोणी कां-कू करत असेल तर तिथेच उठा. माझ्या ऑटोक्लेव्हच्याच जातीची, दाबाखालच्या वाफेने लिग्नाइट सुकवायची पद्धत ऑस्ट्रियात फ्लाइसनर यांनी १९२०च्या दशकातच काढली होती, त्यामुळे 'हे अजून संशोधनात आहे' वगैरे ऐकून घेऊ नका.

आता छिद्रांबद्दल. त्यांचा वाटा नाही असं मी म्हणत नाही. हवा जवळजवळ संपृक्त असेल तेव्हा केशिकांमधलं पाणीच जास्त भरतं. लिग्नाइट जेलसारखा असल्याने वाळताना आकसतो, काही छिद्रं कायमची मिटतात, म्हणून खाणीतला मूळ ओलावा साध्या वाळवणीनंतरही पूर्ण परत येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये सुटलेलं डांबरही पृष्ठभागावर बसून पाण्याला अडवतं. शिवाय त्या तपकिरी पाण्यात फिनॉल असतं, ते शुद्ध करण्याचा खर्च धरा. उलट बाजूने, साध्या ड्रायरमध्ये एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे २,२६० किलोज्यूल जातात. माल लगेच जाळायचा असेल तर तरीही साधा ड्रायर पुरे. साठवायचा किंवा लांब पाठवायचा असेल तर गट तोडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गरम माल उघड्यावर ओतू नका: हवेतल्या ऑक्सिजनने नवे गट तयार होतात, वाळलेला कोळसा पाणी शोषताना उष्णताही सोडतो, आणि ढीग आतून पेटतो.

नमुन्याच्या डबीचं झाकण मात्र घट्ट हवं. आणि आकडा वाढलेला दिसला तर प्रयोगशाळेवर शेरा मारण्याआधी नमुना किती वेळ उघडा होता ते तुमच्या सल्लागारांना विचारा, लेखी.